चौदा वर्गांची वही

मी रागीट आहे, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे मी जे काही केलं, त्याचं कुणाला नवल वाटायला नको.

आमच्या शाळेच्या शिपायांना सगळे मामा म्हणतात. पहिलीतली पोरं म्हणतात, त्या पोरांचे आईबाप म्हणतात (तेही इथंच शिकलेत), आणि मीही म्हणते. मामांची कामं चार शाळांत असतात तीच. घंटा द्यायची, खडू पोचवायचे, पोट दुखणाऱ्याला घरी सोडायचं, खोटंखोटं पोट दुखणाऱ्याला वर्गात परत आणायचं, आणि नोटिशीची वही फिरवायची. ही वही म्हणजे लाल पुठ्ठ्याचं जाडजूड रजिस्टर. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, रोज सकाळी त्यात एक सूचना लिहितात. मामा ती घेऊन चौदा वर्ग हिंडतात, दारात उभे राहून मोठ्यांदा वाचतात आणि शिक्षकांची सही घेतात. इतर शाळांत शिपाई वही नुसती समोर धरतो. आमच्याकडे मात्र शिपायानंच वाचायचं, असा एका जुन्या मुख्याध्यापकांचा दंडक होता, आणि तो मोडायचं पुढं कुणाला सुचलं नाही. वही कार्यालयाला लागून असलेल्या चौथीतून निघते आणि तिसऱ्या मजल्याच्या टोकाला माझ्या पाचवीत येऊन थांबते.

माझ्या पाचवीत त्या वर्षी सहा मुलं अशी होती, की त्यांना वाचायला उभं केलं की मी घड्याळाकडं बघायला लागायचे. अक्षरं सगळी यायची. जोडाक्षरंही यायची. पण एक शब्द संपून दुसरा सुरू होईपर्यंत वर्गात कुणीतरी जांभई द्यायचं, कुणीतरी हसायचं, आणि वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात कशी होती ते वाचणाराच विसरलेला असायचा. मला धीर नाही. मुलगी अडली रे अडली, की मी शब्द पुरवायचे. ती पुन्हा अडायची, मी पुन्हा पुरवायचे. असं करत करत अख्खा धडा मीच वाचायचे आणि वर तिलाच म्हणायचे, "अगं, घरी जरा वाचत जा!"

त्या सहांत सगळ्यांत अवघड गाडी थोरलीची. तिला थोरली म्हणायचं कारण तिची धाकटी बहीण तिच्याच मागं एक वर्ग, चौथीत होती आणि पोपटासारखी घडाघडा वाचायची. थोरली उंच, हाडापेरानं मजबूत, धावण्यात पहिली, पण पुस्तक हातात आलं की खांदे पाडून अर्धी व्हायची.

एका सकाळी मामा वही घेऊन माझ्या दारात आले ते भिंतीला धरून. गुडघा सुजला होता.

"बाई, तीन जिने झाले आज. उद्यापासून एखादं पोरगं द्याल का सोबत? वरचे वर्ग ते करेल, मी खाली थांबेन."

तो तास वाचनाचा होता आणि थोरली तिसऱ्या ओळीवर अडकून पडली होती. मी क्षणाचाही विचार न करता म्हटलं, "हिला न्या. रोज न्या."

कबूल करते, तिचं भलं व्हावं म्हणून मी तिला पाठवलं नाही. तो तास तरी सुखानं जावा म्हणून पाठवलं. ब्याद गेली, असं वाटलं मला. आज हे लिहिताना कान तापतात, पण वाटलं ते वाटलं.

मामांनी मात्र तिला नुसती वही वाहायला ठेवलं नाही. त्यांची पद्धत मला पुढं कळली. पहिल्या वर्गात ते स्वतः वाचायचे आणि थोरलीनं ओळीखाली बोट सरकवायचं. दुसऱ्या वर्गात दोघांनी एका सुरात वाचायचं. तिसऱ्या वर्गापासून थोरली एकटी, आणि मामा जिन्यापाशी. ती अडली तर मामा खिडकीबाहेर बघत राहायचे. तिचा शब्द तिनंच काढायचा.

"अहो, पण तेवढा वेळ वर्ग हसत नाही का?" मी विचारलं.

"नोटिशीला कोण हसतं, बाई? सुट्टी आहे की काय म्हणून सगळी कान टवकारून बसलेली असतात."

हे मात्र मला पटलं. माझ्या तासाला ती वाचायची, तेव्हा पुढचं वाक्य काय आहे ते सगळ्यांसमोरच्या पुस्तकात छापलेलं असायचं. वहीतलं फक्त तिलाच माहीत. बाकी सगळी तिच्या तोंडाकडं बघत बसायची.

महिन्याभरात थोरली दारात उभी राहून खणखणीत वाचायला लागली. "सर्व विद्यार्थ्यांना कळवण्यात येते की" हे तर असं म्हणायची, जणू शाळा तिच्या नावावर आहे. मी शिक्षकांच्या खोलीत थोडं मिरवूनही घेतलं. पोरगी सुधारली म्हणून.

मग तो बुधवार उजाडला.

सोमवारी वहीत सूचना होती, की टाकी धुवायची असल्यामुळे उद्या शाळा बारा वाजता सुटेल. थोरलीनं ती चौदा वर्गांत वाचली आणि मंगळवारी बाराला शाळा सुटली. इथवर ठीक. पण त्याच मंगळवारी सकाळी मामा गुडघा दाखवायला दवाखान्यात गेले होते आणि थोरली पहिल्यांदाच वही घेऊन एकटी निघाली होती. वहीत मोठ्या बाईंनी लिहिलं होतं, की उद्या हस्तकलेच्या तासाला रंगीत कागद, कात्री व डिंक आणावा. थोरली दारात उभी राहिली, वही छातीशी धरली आणि आदल्या दिवशीची सूचना जशीच्या तशी म्हणाली. उद्या शाळा बारा वाजता सुटेल.

चौदाच्या चौदा वर्गांनी टाळ्या पिटल्या. चौदा शिक्षकांनी वहीत सही केली. रंगीत कागद, कात्री व डिंक यांच्याखाली. त्यांत एक सही माझी आहे, आणि ती सगळ्यांत ठळक आहे.

बुधवारी बाराच्या ठोक्याला घंटा झाली नाही, पण घंटेची वाट कोण बघतो? आधी एक वर्ग उठला, त्याचा आवाज ऐकून दुसरा उठला आणि पाच मिनिटांत पाचशे पोरं जिन्यावरून खाली उतरत होती. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं इतकी मोठी वरात बघून फाटक सताड उघडलं. मी स्वतः पर्स खांद्याला लावून निम्म्या जिन्यात होते. मोठ्या बाई कार्यालयातून बाहेर आल्या, मैदानाकडं बघितलं, घड्याळाकडं बघितलं आणि म्हणाल्या, "कुठं निघालात सगळे?"

पोरं परत वर्गांत कोंबायला तासभर लागला. पहिलीतली तिघं तर थेट घरी पोचली होती, जेवायला बसली होती.

त्यानंतर कार्यालयात आम्ही तिघं उभे. मी, थोरली आणि लंगडत आलेले मामा. मोठ्या बाई आरडाओरडा करत नाहीत, त्यामुळे त्यांची जास्तच भीती वाटते. त्यांनी मंगळवारचं पान उघडून थोरलीपुढं सरकवलं.

"वाच."

थोरलीनं वाचायला सुरुवात केली. 'हस्तकलेच्या' या शब्दाचे तिनं तीन तुकडे केले. 'रंगीत'पाशी थांबली. डिंकापर्यंत ती पोचलीच नाही. महिनाभर जिला आम्ही वाचन म्हणत होतो, ती सगळी घोकंपट्टी होती. पहिल्या दोन वर्गांत मामांच्या तोंडून ऐकायचं, पाठ करायचं आणि पुढच्या बारा वर्गांत म्हणून दाखवायचं. मंगळवारी ऐकवायला मामा नव्हते, म्हणून पोरीनं जे पाठ होतं ते दिलं ठोकून.

मोठ्या बाई पानावरच्या सह्यांकडं बराच वेळ बघत होत्या. मला वाटतं, त्या सह्यांमुळेच थोरली वाचली. चौदा मोठ्या माणसांना रागावल्याशिवाय एका मुलीला रागावता येईना. पण निकाल त्यांनी दिलाच. "वही आजपासून मामाच नेतील. आणि पाचवीतल्या या सहा मुलांची पाच आठवड्यांनी चाचणी. न पाहिलेला उतारा, माझ्यासमोर. ज्याला वाचता येणार नाही, तो पाचवीतच राहील."

थोरली बाहेर आली आणि पायरीवर बसून रडायला लागली. मला वाटलं नापास व्हायच्या भीतीनं रडतेय. पण ती हुंदके देत म्हणाली, "धाकटीच्या वर्गात बसावं लागेल, बाई. धाकटी कधीपासून म्हणते, तू मागं राहिलीस तर मी तुझ्यासाठी शेजारची जागा धरून ठेवीन."

धाकटीनं ते चिडवायला म्हटलेलं नव्हतं. खरोखर प्रेमानं म्हटलं होतं, म्हणून तर ते जास्त लागलं होतं. मी उगाच तिच्या डोक्यावर हात ठेवून उभी राहिले.

मामा तिच्या शेजारी पायरीवर बसले. दुखरा पाय सरळ पसरायला त्यांना बराच वेळ लागला.

"ती चूक माझी आहे, बाई," ते म्हणाले. "सव्वीस वर्षांपूर्वी मी केलेली. आज हिच्या तोंडून बाहेर पडली एवढंच."

आणि त्या पायरीवर मला पहिल्यांदा मामांची गोष्ट कळली. अकरा वर्षं मी या माणसाच्या हातचा चहा पिते आहे, आणि मला काहीएक ठाऊक नव्हतं. मामांनी चौथीत शाळा सोडली होती, ती वाचता येत नाही म्हणूनच. त्यांचे गुरुजीही माझ्यासारखेच होते म्हणे, शब्द पुरवणारे. ("तुम्हाला नाही हो म्हणत," असं मामांनी घाईनं जोडलं. म्हणजे मलाच म्हणत होते.) पुढं पुठ्ठ्याची खोकी करायच्या कारखान्यात काही वर्षं काढली आणि मग इथं शिपाई म्हणून लागले. पहिल्याच दिवशी त्या वेळच्या मोठ्या सरांनी हातात वही ठेवली आणि म्हणाले, चौदा वर्गांत वाचून या. मामांची पाचावर धारण बसली. ते गेले हेडक्लार्ककडं, चष्मा आणला नाही अशी थाप मारली आणि सूचना तीनदा वाचून घेतली. वर जाऊन पाठ म्हटली. असं चांगलं चार महिने चाललं.

"मग एके दिवशी मी पाठ करून निघालो आणि मागून सरांनी वार बदलला. गुरुवारचा शनिवार केला. फोटोवाला येणार होता शाळेचा. मी चौदा वर्गांत गुरुवार सांगून आलो. गुरुवारी सगळी शाळा तेल लावून, भांग पाडून मैदानात हजर, आणि फोटोवाल्याचा पत्ता नाही!"

थोरली रडता रडता हसली. "मग मोठे सर रागावले?"

"नाही गं. त्यांनी ओळखलं. मला जुन्या वह्यांचं कपाट उघडून दिलं आणि म्हणाले, रोज एक नवीन पान. पाठ व्हायच्या आत उलटायचं."

जिन्याखाली मामांची खोली आहे. खोली कसली, घंटेचा हातोडा, झाडू, खडूंची खोकी आणि एक लोखंडी कपाट राहील एवढी जागा. त्या कपाटात मागच्या कित्येक वर्षांच्या लाल वह्या होत्या. दुसऱ्या दिवसापासून मधल्या सुट्टीत थोरली तिथं बसायला लागली. मी बाकीच्या पाचांनाही पाठवलं, आणि आता मात्र मीही जायला लागले, खोक्यावर बसून ऐकायला. मामांनी मला बजावून ठेवलं होतं, "बाई, शब्द आला ओठावर तर दाताखाली धरायचा. तुम्ही पोरांच्या तोंडातला घास काढून घेता."

नियम असा, की एका पानाला चारच वर्ग. पान पहिल्यांदा मामांसमोर वाचायचं, मग पाण्याच्या नळापाशी उभं राहून, मग मैदानाच्या कडेला, आणि चौथ्यांदा फाटकावर पहारेकऱ्याला वाचून दाखवायचं. पाचव्यांदा वाचायचं नाही. पाचव्यांदा पाठ होतं, असा मामांचा हिशेब.

पहिले चार दिवस रटाळ गेले. परीक्षेची वेळापत्रकं, नखं कापून यावीत, गच्चीवर जाऊ नये. मग पाचव्या दिवशी थोरलीच्या हाताला एक पान लागलं. ती एकेक शब्द चाचपत वाचत गेली: "माझी काळी छत्री कार्यालयाबाहेरून नाहीशी झाली आहे. ज्याने नेली असेल त्याने आणून ठेवावी. शिक्षा होणार नाही." खाली त्या जुन्या मोठ्या सरांची सही.

"मग मिळाली का?" सहाजण एकदम म्हणाले.

"पान उलटा, कळेल," मामा म्हणाले. "पण आधी चार वर्ग."

त्या दिवशी पोरं नळाकडं चालत गेली नाहीत, पळत गेली. दुसरं पान: "छत्री अद्याप आलेली नाही. शिक्षा होणार नाही असे लिहिले होते, ते खरे आहे." तिसरं: "काल कार्यालयाबाहेर सात छत्र्या ठेवलेल्या आढळल्या. त्यांतील एकही माझी नाही. ज्यांच्या असतील त्यांनी न्याव्यात." पहारेकरी तर इतका गुंतला, की पोरं यायच्या आधीच फाटकातून ओरडायचा, "सापडली का रे?" मधे टाकी गळतीची दोन पानं लागली तेव्हा त्याचाच चेहरा पडला. सगळ्यांत शेवटी हे आलं: "छत्री माझ्या घरी कपाटामागे सापडली. सर्व विद्यार्थ्यांची मी क्षमा मागतो." हे पान थोरलीनं वाचलं, आणि वाचून झाल्यावर कुणी न सांगता पुन्हा वाचलं, हळू, सरांच्या आवाजात. मोठे सर मुलांची माफी मागतात, हे तिला कमालीचं आवडलं होतं. मला त्या क्षणी जाणवलं, की ती शब्द वाचत नव्हती. ती सर काय म्हणतायत ते वाचत होती.

त्याच आठवड्यात मामा मला म्हणाले, "पहिल्या वर्गात अक्षरं दिसतात, बाई. चौथ्यात वाक्य दिसतं. नवव्या-दहाव्यात मान वर होते आणि समोरची पोरं दिसतात. मला स्वतःला पोरं दिसायला दोन वर्षं लागली."

मीही मग वर्गात बदलले. एकदम नाही, रागीट माणूस एकदम कसा बदलेल? पण वाचणाऱ्याला उतारा आदल्या दिवशी द्यायला लागले, आणि तो बाकीच्यांना ऐकवताना बाकीच्यांची पुस्तकं मिटायला लावली. ओठ चावून चावून मला त्या पंधरवड्यात तोंड आलं, ही थट्टा नाही.

चाचणीचा दिवस आला. कार्यालयात मोठ्या बाई, टेबलावर उतारा आणि एका कोपऱ्यात मी. मामा कुणी मागवला नसताना चहा घेऊन आले आणि दाराशीच रेंगाळले. उतारा मधमाश्यांबद्दल होता. थोरलीनं पहिल्या तीन ओळी बऱ्या वाचल्या. चौथ्या ओळीत 'पोळ्याभोवती' आलं, आणि ती थांबली.

शब्द माझ्या जिभेच्या टोकावर येऊन बसला होता. मी मामांकडं बघितलं, तर ते खिडकीबाहेर बघत होते. मीही खिडकीबाहेर बघायला लागले. तिथं बघण्यासारखं काही नव्हतं. किती वेळ गेला कोण जाणे. मग थोरलीनं बोट पुन्हा वाक्याच्या सुरुवातीला नेलं आणि सबंध वाक्य पहिल्यापासून, पोळ्यासकट, वाचून काढलं. पुढं ती आणखी दोनदा अडली आणि दोन्ही वेळा स्वतःच निघाली.

मोठ्या बाईंनी सहाही जणांचं ऐकलं, कागदावर काहीतरी टिपलं आणि "या," एवढंच म्हणाल्या. मी दोनदा विचारायला गेले, दोनदा त्यांनी मला खडूंचा साठा मोजायला लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी थोरलीला कार्यालयाबाहेर बोलावून तिच्या हातात वही ठेवली. "मोठ्या बाईंना विचारलंय. आज तू एकटी जा. माझा गुडघा फार धरलाय, एक पायरी चढवत नाही."

वहीत काय होतं, ते कुणी तिला वाचून दाखवलं नव्हतं. पहिला वर्ग अर्थातच चौथी. तिथं काय झालं ते चौथीच्या बाईंनी मला नंतर सांगितलं. थोरलीनं वही छातीशी धरली नाही, समोर उघडली आणि बोट ठेवलं. "कळवण्यात येते की पाचवीच्या वाचन चाचणीत पुढील विद्यार्थी उत्तीर्ण झाले आहेत." एक नाव वाचलं, दुसरं वाचलं. तिसऱ्यावर तिचं बोट थांबलं. ते तिचं स्वतःचं नाव होतं. तिनं बोट उचललं, पुन्हा 'कळवण्यात' वर ठेवलं आणि सगळं पहिल्यापासून वाचलं, आणि या खेपेला तिसरं नाव इतक्या जोरात वाचलं, की शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले.

धाकटी टाळ्या वाजवायला लागली आणि वाजवता वाजवता रडायला लागली. जागा धरून ठेवली होती ना तिनं.

माझ्या वर्गात वही चौदाव्या क्रमांकाला पोचली. यादीत पाच नावं होती. सहाव्याची चाचणी सुट्टीनंतर पुन्हा, असं खाली लिहिलं होतं, आणि तेही तिनं वाचलं, जरा हलक्या आवाजात, त्याच्याकडं बघून. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की सगळी यादी ती वर्गाकडं बघत वाचत होती. मधूनमधून डोळे वहीत जात होते आणि मान पुन्हा वर येत होती.

तिनं वही सहीला पुढं केली. मी पेन उघडलं, मग थांबले आणि पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत सूचना वाचली. मग सही केली. सही करून वर बघितलं, तर दाराआड मामा उभे होते. तीन जिने चढून आले होते, आणि ते काही आत्ताच आलेले दिसत नव्हते. थोरलीच्या मागोमाग, एक वर्ग अंतर ठेवून, ते चौदाही वर्ग हिंडले होते.

"मामा, तुमचा गुडघा?" मी म्हटलं.

"दुखतोय ना, बाई," मामा डोळे पुसत म्हणाले. "काय सांगू, फार दुखतोय."